डुकराच्या शेडचा वास बॅक्टेरियानं जातो का? जातो, पण बाटली सगळ्यात शेवटी येते

लाखांदूर तालुक्यातल्या एका तरुण भावानं विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा, की त्याच्याकडे ३८ डुकरं आहेत, त्यात ४ माद्या, १ नर आणि बाकी वाढीची पिलं, टिनाचं शेड, खाली सिमेंटचा कोबा, धुतलेलं पाणी नालीतून मागच्या उघड्या खड्ड्यात जातं, वस्ती दोनेकशे मीटरवर. उन्हाळ्यापासून वास वाढला, लोक ग्रामपंचायतीत तक्रार घेऊन गेले, आणि आता एक दुकानदार सांगून राहिला की बॅक्टेरियाची बाटली फवारा, आठ दिवसात वास बंद. तर ती घ्यावी का, कोणती घ्यावी आणि किती मारावी.

भाऊ, मी ब्रह्मपुरीकडे १४ वर्षांपासून डुकरं पाळून राहिलो, हाच प्रश्न मला दुसऱ्या वर्षी पडला होता आणि मी तेव्हा बाटलीच घेतली होती. एक नाही, सहा. काहीच फरक पडला नाही. बॅक्टेरिया खोटे नाहीत, आज माझं शेड त्यांच्याच जोरावर चालतं, पण तेव्हा मी ज्या जागी त्यांना टाकलं तिथं ते एक दिवस पण जगू शकत नव्हते. म्हणून कोणती बाटली हे मी शेवटी सांगतो, आधी वास येतो कुठून ते नीट समजून घ्या, काहून की ते समजलं की अर्धं काम बाटलीशिवाय होतं.

डुकराचं ताजं शेण आणि ताजं मूत वेगवेगळं ठेवलं तर दोघांचाही वास फार नसतो. खरं वाटत नसेल तर करून पहा, एका डब्यात मादीचं ताजं मूत धरा, दुसऱ्यात शेण, तिसऱ्यात दोन्ही मिसळा आणि झाकण लावून उन्हात ठेवा. संध्याकाळी तिसऱ्या डब्याचं झाकण उघडलं की डोळ्यातून पाणी येतं. मुतात युरिया असतो, तोच जो आपण धानाला टाकतो, आणि शेणातल्या जंतूंमध्ये युरिएज नावाचं एंझाइम असतं जे त्या युरियाला फोडून अमोनिया करतं. आपल्याकडच्या गरम कोब्यावर हे काम काही तासात होऊन जातं. म्हणजे नाकात झोंबणारा, डोळे चुरचुरवणारा जो वास आहे तो शेण आणि मूत एकत्र पसरलं, जनावरानं तुडवलं आणि तसंच राहिलं म्हणून आहे.

दुसरा वास खड्ड्याचा. तो झोंबत नाही, तो सडका आहे, अंड्यासारखा, शिळ्या लोण्यासारखा, आणि कपड्याला चिकटतो. तिथं हवा नसते, पाणी साचलेलं असतं, आणि बिनहवेचे जंतू न पचलेल्या प्रोटीनवर जगतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, ब्युटिरिक सारखी आम्लं निघतात, पी-क्रेसॉल निघतं, इंडोल आणि स्काटोल निघतात. गावापर्यंत जो पोहोचतो तो बहुतेक हा दुसरा वास असतो, अमोनिया जवळच्या जवळ त्रास देतो, डुकराच्या आणि तुमच्या फुफ्फुसाला. तक्रार एकाची असते आणि आपण इलाज दुसऱ्याचा करतो असं लय वेळा होतं.

म्हणजे वास करणारे पण बॅक्टेरियाच आहेत. तुमच्या खड्ड्यात आज अब्जावधी बॅक्टेरिया आधीच आहेत, त्यांना तिथलं अन्न, तिथलं पाणी, तिथला अंधार सगळं मानवतं. तुम्ही वरून एक लिटर चांगले बॅक्टेरिया ओतले तर ते त्या गर्दीत कुठं जातील? ते तेव्हाच टिकतात जेव्हा तुम्ही जागाच अशी करता की जुन्यांना मानवत नाही आणि नव्यांना मानवते. थोडी हवा, ओलावा पण चिखल नाही, आणि खायला कार्बन, म्हणजे तणस, कुटार, लाकडाचा भुसा.

आता चुन्याचं सांगतो, काहून की तुम्ही चुना टाकत असाल अशी मला शंका आहे, सगळेच टाकतात. त्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी रोज सकाळी ओल्या शेणावर चुना फेकायचो, वास मरावा म्हणून, आणि दुपारी शेडमध्ये उभं राहवत नव्हतं, पिलं खोकायची, डोळ्याखाली काळे ओघळ. मी चुना वाढवला. नंतर नागपूरच्या व्हेटरनरी कॉलेजमधल्या एका सरांनी विचारलं की पीएच किती आहे, आणि मला पीएच काय ते पण माहीत नव्हतं. पीएच म्हणजे आंबट-खाराचं माप, ७ मधलं, त्याच्या खाली आंबट आणि वर खारं. गोष्ट अशी आहे की अमोनिया दोन रूपात राहतो, एक पाण्यात विरघळून बसलेला अमोनियम, त्याला वास नाही, आणि दुसरा वायू. पीएच ७ असला तर शंभरात एक भाग सुद्धा वायू नसतो, पीएच ९ झाला की जवळपास तिसरा हिस्सा वायू होऊन उडतो, आणि गरमी वाढली की अजून जास्त. चुना पीएच वर नेतो. म्हणजे मी माझ्या हातानं रोज अमोनिया उडवत होतो, आणि त्याच चुन्यावर वरून महागाच्या बॅक्टेरियाच्या बाटल्या फवारत होतो. शेड रिकामं असताना भिंतीला आणि कोब्याला चुना मारणं वेगळं, ते बरोबर आहे. ओल्या शेणामुतावर चुना आजपासून बंद.

तसंच फिनाइल आणि ब्लीचिंग. रोज फिनाइल मारून वर बॅक्टेरिया टाकणं म्हणजे पेरून लगेच तणनाशक मारणं. आणि ब्लीचिंग पावडर तर मुतावर कधीच टाकू नका, क्लोरीन आणि अमोनिया मिळून जो वायू होतो तो माणसाच्या छातीला घातक आहे.

आता तुमच्या शेडचं. डुक्कर घाण जनावर नाही, ही गोष्ट पाळणाऱ्याला तरी माहीत पाहिजे. जागा पुरेशी असली तर ते झोपायची जागा कोरडी ठेवतं आणि ओल्या, थंड कोपऱ्यात जाऊन हागतं. पण त्याला घाम येत नाही. आपल्याकडे नवतप्यात ४६-४७ डिग्री होते, टिनाखाली अजून जास्त, तेव्हा ते अंग थंड करायला जिथं ओलं दिसलं तिथं लोळतं, आणि ओलं काय असतं, तर शेणमूतच. मग सगळा कोबा माखतो, सगळी डुकरं माखतात, आणि त्या प्रत्येक डुकराच्या अंगावरून अमोनिया उडतो. उन्हाळ्यापासून वास वाढला असं तुम्ही लिहिलं, त्याचं मोठं कारण हेच असणार. माझ्याकडे यावर जो उपाय लागला तो बॅक्टेरियाचा नव्हताच. शेडच्या एका बाजूला, नालीकडे, मी ड्रिपच्या नळीला फॉगर, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा उडवणारे नोझल, लावले आणि दुपारी ११ ते ५ थोड्या थोड्या वेळानं चालू-बंद करत राहिलो, टिनावर तणस टाकून बांधून घेतलं, आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे सावलीच्या, पाणी अजिबात पडू दिलं नाही. आठवड्यात जनावरांनी स्वतःच जागा वाटून घेतली. अर्ध्या कोब्यावर शेण पडणं बंद झालं. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी त्या ओल्या कोपऱ्यात थोडं जुनं शेण ठेवायचं आणि झोपायच्या जागेत कोरडं तणस, पिलं लगेच शिकतात.

तुमच्याकडे माल किती निघतो याचा अंदाज करा. डुक्कर अंगवजनाच्या साधारण ६-७ टक्के शेणमूत दिवसाला टाकतं. ३३ पिलं सरासरी ५० किलोची धरली आणि पाच मोठी दीड-दीडशेची, तर रोजचं दीडशे किलोच्या आसपास झालं. हे दीडशे किलो सांभाळणं कठीण नाही. कठीण होतं जेव्हा तुम्ही त्यात हजार लिटर पाणी मारून सगळं नालीत ढकलता, मग तुमच्याकडे दीडशे किलो शेण राहत नाही, हजार लिटर सडकं पाणी होतं. म्हणून आधी फावड्यानं कोरडं शेण उचला, दिवसातून दोनदा, मग जेवढं लागेल तेवढंच पाणी. कोब्याला नालीकडे उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून पहा, पाणी कुठं थांबलं तर तिथं खोलगट आहे, तिथं मूत थांबतं, ते सिमेंटनं भरून घ्या. नालीत पाणी थांबत असेल तर जगातली कोणतीच बाटली कामाची नाही.

उचललेलं शेण कुठं टाकायचं तर खड्ड्यात नाही, ढिगात. जमिनीवर, थोड्या उंच जागी, वर साधं छप्पर. खाली फूटभर तणस किंवा सोयाबीनचं कुटार, वर शेण, परत कुटार. डुकराच्या शेणात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण १० ते १५ ला १ असतं, बॅक्टेरियाला नीट काम करायला २५-३० ला १ लागतं. कार्बन कमी पडला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, म्हणजे वास पण येतो आणि खत पण जातं. आपल्या धानाच्या पट्ट्यात कार्बनची कमी नाही, तणस लोक बांधीत जाळतात. पण एक सांगतो, राइस मिलचं तूस फुकट मिळतं म्हणून नुसतं तूसच वापरू नका. तुसात सिलिका जास्त, ते लवकर कुजत नाही आणि पाणी पण कमी पितं. आरामशीनचा भुसा, कुटार आणि तूस असं मिसळून टाका, तूस हवा खेळती ठेवतं, भुसा ओल पितो. सागवानाचा भुसा बारीक धुळीचा असतो, तो झोपायच्या जागेत नको, पिलं शिंकतात, ढिगासाठी चालतो. ढीग दहा-बारा दिवसांनी उलटा. आत ५५ डिग्रीच्या वर काही दिवस राहिला तर जंतांची अंडी, रोगजंतू मरतात, आणि तो ढीग महिन्या-दीड महिन्यात मातीसारखा वास द्यायला लागतो. ते खत मी वांग्याच्या वाडीत टाकतो, शेजारचे तीन-चार जण विकत नेतात, त्यातला एक जण तोच आहे जो माझ्यावर तक्रार घेऊन गेला होता.

बरेच लोक डीप लिटरचं विचारतात, म्हणजे कोब्याऐवजी दोन-तीन फूट भुशाचा थर आणि त्यातच बॅक्टेरिया, शेण उचलायचंच नाही. कोरियात चो हान-क्यू यांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतून हे पसरलं आणि ते खरंच चालतं. मी दोन खोल्यात सहा वर्षांपासून करतो. डिसेंबरच्या सकाळी त्या थरात कोपरापर्यंत हात घातला की आत ऊन-ऊन लागतं, वाफ निघते, आणि हात बाहेर काढून नाकाला लावला तर पहिल्या पावसातल्या जंगलासारखा वास, डुकराचा नाही. पिलं त्या उबेत एकावर एक न पडता पसरून झोपतात, थंडीतली मर माझी जवळपास थांबली. पण तीच ऊब मे महिन्यात जनावराच्या जिवावर उठते. म्हणून विदर्भात वर्षभर डीप लिटर नको असं माझं स्पष्ट मत आहे. मी दिवाळीनंतर थर भरतो आणि मार्च संपायच्या आत काढून ढिगावर नेतो. मोठ्या डुकराला कमीत कमी १४-१५ चौरस फूट जागा पाहिजे, दाटी झाली की थराचा चिखल होतो. ओल पाहायला मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, गोळा झाला पाहिजे पण बोटातून पाणी निघालं नाही पाहिजे. पाणी निघालं तर कोरडा भुसा टाका, गोळाच होत नसेल तर बॅक्टेरियाचं पाणी शिंपडा. झडीत बाजूनं पाऊस आत आला तर दोन दिवसात सगळा थर बिघडतो, म्हणून तुम्ही आता मृगात डीप लिटर सुरू करूच नका. आता ढीग करा.

आता बाटली. बाजारात मुख्य तीन जातीचा माल आहे. एक ईएम, म्हणजे लॅक्टिक आम्ल करणारे जंतू, यीस्ट आणि प्रकाशावर जगणारे जंतू यांचं मिश्रण, जपानच्या ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठाचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलं. दुसरं बॅसिलस, सबटिलिस आणि लायकेनिफॉर्मिस, हे बियासारख्या कवचात राहतात म्हणून पावडरमध्ये टिकतात, गरमीत मरत नाहीत, खाद्यात पण देता येतात. तिसरं गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्रानं (आता त्याचं नाव राष्ट्रीय जैविक आणि नैसर्गिक शेती केंद्र) काढलेलं वेस्ट डीकंपोजर, छोटी बाटली, २०० लिटर पाणी, २ किलो गूळ, रोज दोनदा काठीनं हलवायचं, पाच-सात दिवसात तयार, आणि त्यातलंच थोडं ठेवून पुढचा ड्रम लावायचा. ढिगासाठी मी वेस्ट डीकंपोजरच वापरतो, त्यासाठी महाग काही घेऊ नका. कोब्यासाठी आणि नालीसाठी मात्र लॅक्टिकवाले पाहिजेत, काहून की ते आम्ल करतात, पीएच खाली आणतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे पीएच खाली आला की अमोनिया उडत नाही, अमोनियम होऊन खतात राहतो. चुन्याच्या नेमकं उलटं काम.

आणि लॅक्टिकवाले तुम्हाला विकत घ्यायची गरज नाही, घरी होतात. तांदूळ धुतलेलं पहिलं गढूळ पाणी घ्या, काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, तोंडाला फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. आपल्याकडच्या गरमीत दोन दिवसात, थंडीत चार दिवसात, त्याला हलका आंबूस वास येतो. वरचा पापुद्रा बाजूला करून मधलं पाणी एक वाटी घ्या आणि दहा वाटी कच्च्या दुधात टाका, न हलवता ठेवा. तीन-चार दिवसात दूध फाटतं, पांढरी साय-पनीर वर तरंगते आणि खाली पिवळसर निवळी राहते. ती निवळी म्हणजे तुमचे बॅक्टेरिया. वरचं पांढरं डुकराला खाऊ घाला, आवडीनं खातात. निवळीत वजनाएवढा गूळ मिसळला तर सावलीत दोन-तीन महिने टिकते, बाटलीचं झाकण सैल ठेवा, गॅस होतो, माझी एक बाटली फुटून भिंतीवर गेली होती. चांगल्या निवळीचा वास आंबट-गोड, ताकासारखा, पीएच ४ च्या आत. सडका वास आला, काळी-हिरवी बुरशी आली तर फेकून द्या, जीव लावू नका.

ईएम विकत आणलं असेल तर ते पण वाढवून घ्या. १ लिटर मूळ ईएम, १ किलो गूळ, २० लिटर कोमट पाणी, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये आठवडाभर, रोज एकदा झाकण ढिलं करून गॅस काढायचा, महिन्याभरात वापरून टाकायचं. पाणी नळयोजनेचं असेल तर क्लोरीन असतो, रात्रभर उघड्या ड्रममध्ये ठेवून मग वापरा, हे विसरल्यामुळे लय लोकांचं ईएम लागतच नाही. विहिरीचं सगळ्यात चांगलं.

फवारणी अशी. १५ लिटरच्या पंपाला १५०-२०० मिली, म्हणजे शंभराला एकच्या आसपास. पंप वेगळा ठेवा, ज्यातून तणनाशक मारलं तो पंप नको. शेण उचलून झाल्यावर, कोबा ओलसर असताना, संध्याकाळी, काहून की भर उन्हात तापलेल्या कोब्यावर ते वाळून मरतात. पहिले पंधरा दिवस रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. नालीच्या सुरुवातीला रोज मगभर, पाणी न मिसळता, ओता. गोळीबंद सांगतो, एकदा मारून विसरलात तर काही मिळणार नाही, हे जिवंत काम आहे, जसं दही रोज विरजावं लागतं तसं.

खाद्याकडे कोणी पाहत नाही, आणि तिथंच वासाचा उगम आहे. डुक्कर खाल्लेल्या प्रोटीनमधल्या नायट्रोजनचा साधारण तिसरा हिस्सा अंगी लावतं, बाकी बाहेर, त्यातला जास्त मुतातून. लोक सोयाबीनची ढेप आपल्या भागात मिळते म्हणून ७० किलोच्या डुकराला पण पिलाचंच २० टक्के प्रोटीनचं खाद्य घालत राहतात. मोठ्याला १४-१५ टक्के पुरतं, लायसिन, म्हणजे प्रोटीनमधला वाढीला लागणारा एक घटक, बरोबर असलं पाहिजे. प्रोटीन एक टक्क्यानं उतरवलं की अमोनिया साधारण ८ ते १० टक्के कमी होतो, हे जगभरच्या प्रयोगात दिसलेलं आहे, आणि ढेपेचा पैसा वाचतो तो वेगळा. तुमच्या वजनगटाप्रमाणे खाद्य वेगळं करा, हे काम बाटलीपेक्षा स्वस्त आहे. हॉटेलचं उरलेलं आणत असाल तर त्याचा ड्रम हाच वासाचा मोठा धनी असतो. रोजचं रोज, उकळी आल्यावर हलवत अर्धा तास उकळून, थंड करून घाला, शिल्लक ठेवू नका. वासापेक्षा मोठं कारण आफ्रिकन स्वाइन फीवर आहे, २०२० मध्ये आसामकडून भारतात दिसला आणि त्यावर औषध नाही, कळपच्या कळप जातो. आणि आजाराची शंका आली तर बॅक्टेरिया वगैरे सगळं बाजूला, आधी डॉक्टर आणि मग ते सांगतील ते जंतुनाशक. निरोगी शेडमध्ये पण बॅच गेली की एकदा सगळं धुऊन, चुना मारून, आठ-दहा दिवस कोरडं ठेवायचं, आणि मग पहिली निवळी मारून नवीन पिलं भरायची. दारातला पाय बुडवायचा ड्रम जंतुनाशकाचाच ठेवा, तिथं निवळी नको.

आता तुमचा मागचा खड्डा, आणि हे नीट वाचा. वास जावा म्हणून तो खड्डा हलवू नका, उपसायला कोणाला आत उतरवू नका. साचलेला खड्डा ढवळला की आत दाबून राहिलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोडा असतो तेव्हा अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, माणसाला वाटतं गेला, आणि तो तिथंच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तो पण जातो. पंप लावून वरूनच उपसा, वारा वाहत असताना, शेडमधली बाजूची डुकरं हलवून, लहान मुलं लांब ठेवून. उपसलेलं पाणी बांधीत पसरवून लगेच नांगर-वखर मारा. जिप्सम टाकायचा सल्ला कोणी दिला तर खड्ड्यात टाकू नका, त्यातल्या सल्फेटपासून तोच विषारी वायू अजून होतो. खड्डा रिकामा झाल्यावर आकारानं लहान करा, वर तणसाचा फूटभर थर तरंगत ठेवा, त्याच्यावर निवळी शिंपडा, तो थर चाळणीसारखं काम करतो. जमलं तर पुढच्या वर्षी गोबरगॅस बांधा, डुकराच्या शेणाचा गॅस गाईच्या शेणापेक्षा जास्त निघतो आणि बाहेर येणाऱ्या स्लरीला सडका वास फार कमी असतो, काहून की वास देणारी आम्लं आतच गॅस होऊन जातात. उघडं पाणी अजून एका कारणानं नको, जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासामार्फत माणसात जातो, धानाच्या बांध्यांमुळे डास आपल्याकडे तसेच भरपूर, शेडला मच्छरजाळी लावाच.

वास कमी झाला की नाही हे तुम्ही स्वतः ठरवू शकत नाही, आपलं नाक सवयीचं झालेलं असतं. मी दोन गोष्टी करतो. एक, डुकराच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून हात-दीड हातावर, उकिडवं बसून पाच मिनिटं डोळे उघडे ठेवायचे. चुरचुरले तर जनावर तेच दिवसभर सोसून राहिलं आहे. दुसरं, बाहेरगावाहून आलेल्या माणसाला दारात उभं करून विचारायचं, पहिल्या श्वासाला काय वाटलं.

गावाचं म्हणाल तर सकाळी पहाटे आणि संध्याकाळी हवा थांबलेली असते, थंडीत तर वास जमिनीलगत चादरीसारखा गावात सरकतो. ढीग उलटायचं, नाली साफ करायचं काम सकाळी १० नंतर करा, ऊन चढलं की हवा वर जाते. लग्न, मरण, सप्ता असेल त्या दिवशी ढिगाला हात लावू नका. ग्रामपंचायतीत तारीख असेल तर नुसतं तोंडानं सांगू नका, तक्रार करणाऱ्या दोन जणांना आधी शेडवर बोलवा, खड्डा उपसून झालेला आणि ढीग झाकलेला दाखवा, आणि दीड महिन्याची मुदत मागा, आठ दिवसाची नाही. पहिल्या आठवड्यात फावडं आणि कोरडी जागा यानं डोळ्यांची आग कमी होते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निवळीनं नालीचा वास उतरतो, खड्ड्याचा सडका वास जायला महिना-दीड महिना लागतोच, आणि झडीत मधेच एकदा परत वाढतो, तेव्हा घाबरून फिनाइल मारू नका, कोरडं कुटार टाका.

उद्यापासून सुरुवात करायची तर चुना थांबवा, फावडं घ्या, आणि आज रात्री वहिनींना सांगा की तांदळाचं पहिलं पाणी फेकू नका. गूळ आणायला लाखांदूरला जालच, तर शाळेच्या साहित्याच्या दुकानातून पीएचच्या पट्ट्यांचं एक पाकीट घेऊन या. नालीच्या पाण्यात पट्टी बुडवून रोज त्याच वेळेला रंग लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी ते आकडे मला पाठवा, ८ च्या वरून ७ कडे येऊन राहिले असतील तर बाटलीसाठी ठेवलेले पैसे छपराच्या टिनात घाला.